वाहनसल्ला : उताराच्या शेतासाठी एटीव्ही घेताना

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची अडीच एकर उताराची जमीन आहे. वर चाळीस आंबे, खाली भातखाचरं. थंडीत मोहोराची फवारणी, पेंढा वर आणणं, नव्या कलमांना पाणी अशी कामं निघतात. रविवारी डोंगरवाटांवर भटकायलाही होईल म्हणून एटीव्ही (रुंद टायरची, हँडलने वळणारी चारचाकी) घ्यायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, मागच्या कॅरियरवर शंभर लिटरची फवारणीची टाकी आरामात बसते. ३०० सीसी पुरेल, की सरळ १००० सीसी घ्यावी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : टाकी बसेल, पण गाडीला ती पेलणार नाही. सीसीचं नंतर बघू, आधी किलोचा हिशेब करा. ५०० ते ६०० सीसीच्या चांगल्या एटीव्हीत मागच्या कॅरियरची मर्यादा साधारण ८० किलो असते आणि पुढच्याची ४०. शंभर लिटर पाण्याचेच शंभर किलो झाले. टाकी, पंप, नळी आणि बूमचे (नोझल लावलेल्या आडव्या दांडीचे) पंधरा-वीस वेगळे. युरियाची गोणी ४५ किलोची, म्हणजे मागे एकच. दोन ठेवल्या तर गाडी मोडत नाही, म्हणून तर लोक बिनधास्त ठेवतात. पण मागे भार वाढला की पुढची चाकं हलकी होतात. सपाटीवर ते कळत नाही. चढावर हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते, आणि चढ जास्त असेल तर मागे उलटते. शिवाय चालकासकट एकूण भाराचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. ८५ किलोचा माणूस बसला की त्यातला बराचसा तिथेच संपतो.

तुमच्या कामाला ५० ते ६० लिटरची, आत आडव्या पडद्या असलेली टाकी घ्या. पडद्या नसलेली अर्धी भरलेली टाकी ही भरलेलीपेक्षा वाईट, कारण उतारावर आडवं जाताना पाणी नेमकं खालच्या बाजूला धावतं. म्हणून फवारताना शक्यतो उताराला सरळ वर-खाली जा, आडव्या ओळी टाळा. आंब्याच्या शेंड्यापर्यंत बूम पोचत नाही. त्यासाठी लांब नळी आणि हातातली गन लागेल. गाडी झाडाखाली उभी करून फवारा.

पेंढा आणि पाणी ट्रॉलीत न्या. या वर्गातल्या गाड्या साधारण साडेपाचशे किलो ओढतात, पण त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजनही आलं. ट्रॉली १२० किलोची आणि २०० लिटरचा भरलेला पिंप म्हणजे ३२० झाले. सपाटीवर हे चालेल. तुमच्या उतारावर आम्ही ओढण्याच्या मर्यादेच्या निम्म्यावरच थांबू, म्हणजे पिंप पाऊणच भरायचा. कारण ट्रॉलीला ब्रेक नसतो. उतरताना ती मागून गाडीला ढकलते, आणि वळणावर ढकलली तर दोन्ही घड्या घातल्यासारख्या दुमडतात. भार ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा, म्हणजे साधारण दहावा हिस्सा वजन हुकवर येतं. हे हुकवरचं वजनही मागच्या कॅरियरच्या मर्यादेत मोजायचं. भार चाकांच्या मागे गेला तर हुक वर उचलला जातो आणि मागच्या टायरची पकडच सुटते.

आता सीसी. ४०० ते ६००, पाण्याने थंड होणारं इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि वेगळा लो गिअर, एवढं पुरे. १००० सीसीचा जोर भातखाचराच्या बांधावर वापरणार कुठे? स्वस्तात मिळणाऱ्या ११० ते २५० सीसीच्या चेनवाल्या गाड्या रिसॉर्टच्या रिंगणात ठीक. त्यांचा मागचा अ‍ॅक्सल बहुधा एकसंध असतो, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल नसतो. प्रत्येक वळणावर आतलं चाक माती उकरतं, आणि लो गिअर नसल्याने चढावर ओझं घेऊन क्लच जळतो. नांगरट किंवा रोटाव्हेटर मनात असेल तर मात्र एटीव्हीचा नाद सोडा. तिला सहसा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा इंजिनाचा दांडा, नसतो. त्या कामाला वीस-बावीस एचपीचा फोर-व्हील मिनी ट्रॅक्टरच घ्यावा लागेल.

डोंगरवाटांचं म्हणाल, तर वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय चाक घालू नका. ताम्हिणीचं अभयारण्य तुमच्या भागातच आहे, तिथे तर मुळीच नाही. स्वतःच्या किंवा मालकाने हो म्हटलेल्या जमिनीवर खुशाल फिरा. फिरायला निघताना कॅरियर रिकामे ठेवा आणि टायरची हवा तपासा. या टायरना ५ ते ७ पीएसआय लागते आणि पेट्रोलपंपावरच्या गेजला एवढी कमी हवा धड दाखवताच येत नाही. कमी दाबाचा गेज वेगळा घ्या. वीस भरली तर गाडी चेंडूसारखी उडते. बाभळीचे काटे गृहीत धरून ट्यूबलेस पंक्चर किट आणि हातपंप सीटखाली असू द्या.

प्रश्न : भोरजवळच्या शेतावरून दोन किलोमीटरवर पेट्रोलपंप आहे. एटीव्ही तेवढ्यापुरती रस्त्यावर नेली तर चालेल का? जायचा रस्ता कच्चाच आहे.
– एक वाचक

उत्तर : नाही. कच्चा असो वा डांबरी, ज्या वाटेवर लोकांना जायचा हक्क आहे ती मोटार वाहन कायद्याच्या लेखी सार्वजनिक जागाच. गावची पाणंदही त्यात आली. तिथे नोंदणी आणि किमान थर्ड पार्टी विमा हवाच. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही फक्त ऑफ-रोड म्हणून येतात; त्यांची नोंदणीच होत नाही. ट्रॅक्टर म्हणून मंजुरी घेऊन आलेली एखादी असते, उदाहरणार्थ पोलारिस स्पोर्ट्समन ५७०ची ट्रॅक्टर आवृत्ती. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून टाइप अप्रूव्हलची (त्या मॉडेलला मिळालेल्या मंजुरीची) प्रत बघा आणि नोंदणीसाठी फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) व २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) मिळणार का, हे लेखी घ्या. ‘आरटीओचं बघू नंतर’ म्हणणाऱ्याकडून उठून या. ही मंजुरीची चाचणी करणारी एक संस्था, एआरएआय, आपल्याच पुण्यात टेकडीवर आहे. पुणेकरांना मात्र ती टेकडीच जास्त माहीत.

नोंदणी नसेल तर पेट्रोल कॅनमध्ये आणा आणि गाडी टेम्पोने न्या. साधारण २१० सेंटिमीटर लांब आणि १२० रुंद एटीव्ही छोटा हत्तीच्या हौद्यात बसते, पण जेमतेम. आधी टेप लावून बघा. बांधताना पट्टे हँडलला न लावता चौकटीला लावा, स्प्रिंग निम्मे दबेपर्यंत आवळा आणि वीस किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा.

प्रश्न : मुलगी कॅनडात ओटावाजवळ राहते. घरापर्यंतची खडीची वाट पन्नास मीटर आहे. बर्फ ढकलायला ती एटीव्ही घेते आहे. पुढचं पातं ५० इंची घ्यावं की ६० इंची?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ६० इंची. बर्फ बाजूला टाकायला पातं तिरकं करावं लागतं आणि तिरकं झालं की त्याची रुंदी घटते. तीस अंशाला ६० इंची पातं सुमारे ५२ इंचाची पट्टी साफ करतं, तर ५० इंची फक्त ४३. गाडी असते ४८ इंचांच्या आसपास. म्हणजे छोट्या पात्यामागे स्वतःचीच चाकं न काढलेल्या बर्फावर चढणार.

खडीच्या वाटेवर पात्याखालचे बूट (पातं जमिनीपासून वर धरणारे लोखंडी पाय) सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली घ्यावेत, नाहीतर बर्फाबरोबर अंगणातली खडीही हिरवळीवर जाईल. पहिले एक-दोन हलके थर न काढता दाबून गोठू दिले तर वर काम करायला कडक तळ मिळतो. त्यानंतर पडून थांबायची वाट न पाहता दहा-पंधरा सेंटिमीटर साठलं की काढायचं. सुरुवातीलाच बर्फ कडेपासून चांगला लांब ढकलायला सांगा. कडेचे ढीग गोठले की दगड होतात आणि जानेवारीपर्यंत वाट दोन्ही बाजूंनी आवळत येते.

लो गिअर, माणसाच्या चालण्याचा वेग, मागच्या टायरना साखळ्या. पातं विंचने (दोरी गुंडाळणाऱ्या मोटरने) उचललं जाणार असेल तर दोरीचा पहिला हातभर भाग शेकडो वेळा वाकून तिथेच तुटतो. तेवढ्यासाठी बदलता येणारा छोटा पट्टा जोडावा. गाडी ठेवण्याआधी दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून चालवायची, म्हणजे ब्रेक सुकतात. ओले राहिले तर सकाळी चाकं गोठलेली. आणि इंजिन सुरू करण्याआधी अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडून बघायचा. तो आपोआप मागे आला नाही तर केबलमध्ये बर्फ आहे, चावी फिरवायची नाही.

प्रश्न : लोणावळ्याच्या बाजूला एक जुनी ५०० सीसी एटीव्ही बघितली. चालवली तर चढावर रबर जळल्याचा वास आला. घ्यावी का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : वास सीव्हीटीच्या (पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरच्या) पट्ट्याचा. ओझं घेऊन हाय गिअरमध्ये सावकाश चढलं की पट्टा पुलीवर घसरतो आणि जळतो. बाजूचं झाकण उघडायला लावा. पट्ट्यावर एखाद्या जागी कंबर पडल्यासारखी खाच दिसली तर नवा पट्टा धरूनच भाव करा, त्यात विशेष काही नाही. खरी परीक्षा एअरबॉक्सची, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याची. फिल्टर काढून त्याच्या आतल्या, इंजिनाकडच्या नळीत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस धूळ आली तर ती धूळ सिलिंडरपर्यंत गेलेली आहे. मग पट्टा नवा असला तरी ही गाडी सोडा. पुढची चाकं हाताने डावी-उजवी हलवून टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) खडखड ऐका, आणि अ‍ॅक्सलची रबरी बूटं फाटून ग्रीस उडालेलं नाही ना, ते खाली वाकून बघा.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे, उंच आहे. घराच्या आवारात ४०० सीसी चालवू द्यावी का?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : नको. मोठ्या आकाराच्या एटीव्हीवर उत्पादक स्वतःच १६ वर्षांखालील मुलांना मनाई लिहितात. उंचीचा इथे उपयोग नाही. ही गाडी अंग सरकवून तोलायची असते, आणि तीनशे किलोच्या गाडीला चाळीस किलोचं अंग सावरू शकत नाही. त्याला त्याच्या वयाचं लेबल असलेली छोटी गाडी, हेल्मेट आणि घोट्यावर येणारे बूट द्या. एका सीटच्या गाडीवर त्याला मागे बसवूनही नेऊ नका; मागे माणूस बसला की चालकाला सरकायला जागाच उरत नाही.