मुलांच्या मुलाखतीला निघण्याआधी

मुलाला ‘काकांनी मारलं का?’ असं विचारू नकोस. ‘काय झालं ते सांग’ म्हण आणि गप्प बस. गप्प बसणंच अवघड, बघ. तोच प्रश्न पुन्हा विचारलास तर मुलाला वाटतं आपलं चुकलं, आणि ते उत्तर बदलतं.

मोठेही यातून सुटत नाहीत. १९९५ मध्ये मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना, घरच्यांनी सांगितलंय म्हणून, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी हकिगत दिली. सुमारे पाव जणांना ती थोडीफार ‘आठवली’.

म्हणून आठवणी खोट्याच, असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. आई शेजारी असेल आणि मूल आधी तिच्याकडे बघत असेल, तर तेही वहीत टिप.