मोतीला कुठे ठेवायचं?

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराच्या टपालात एकच विषय असतो : आपण सहलीला गेलो की घरच्या प्राण्याला कुठे ठेवायचं? या वेळची पत्रं बहुतेक वडोदऱ्याची आहेत. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन चार रात्रींसाठी खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जायचं ठरतंय. आमचा मोती तीन वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन २८ किलो. तो आजवर एकही रात्र घराबाहेर राहिलेला नाही. खाणं पोळी-दूध आणि भात. बोर्डिंगमध्ये, म्हणजे प्राणी मुक्कामाला ठेवून घेणाऱ्यांकडे, ठेवायचं तर काय बघावं? तयारी किती दिवस आधी सुरू करावी?
(दांडिया बाजार)

उत्तर : ज्या दिवशी तिकिटं काढाल त्याच दिवशी मोतीची लसीची पुस्तिका उघडा. रेबीजची लस आणि डिस्टेंपर-पार्वो या विषाणूंच्या रोगांची एकत्रित लस, दोन्हींची मुदत परतीच्या तारखेपर्यंत हवी. केनेल कफची, म्हणजे कुत्रे एकत्र राहिले की पसरणाऱ्या खोकल्याची, लस मात्र बऱ्याच जणांच्या लक्षातच नसते, कारण घरी एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला ती सहसा दिलेली नसते. नाकात थेंब टाकून देतात त्या लसीचं बोर्डेटेला जिवाणूविरुद्धचं संरक्षण साधारण ७२ तासांत सुरू होतं, पॅराइन्फ्लुएंझा विषाणूविरुद्धचं यायला मात्र तीन आठवडे लागतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दिलेली लस जवळजवळ न दिल्यासारखीच. तीन आठवडे आधी द्या.

गोचिडांचं औषध निघण्यापूर्वी आठवडाभर आधी. मानेवर टाकायचे थेंब असतील तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको, नाहीतर औषध कातडीच्या तेलात पसरत नाही. जंताची गोळीही याच सुमारास, वजन बघून.

आता खाणं. पोळी-दूध बोर्डिंगवाले चार दिवस ताजं करून घालतील ही आशा सोडा. कोरडं खाद्य द्यायचं ठरलं तर दहा दिवस आधीपासून बदल करा. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब होतात, आणि बोर्डिंगमध्ये जुलाब झाले की ते बदलामुळे, भीतीमुळे की पार्वोमुळे हे ओळखायलाच एक दिवस जातो. रोजच्या खाण्याच्या वेगवेगळ्या पुड्या करा, वर वार आणि वेळ लिहा, दोन दिवसांच्या जास्तीच्या पुड्या द्या. मोठ्या डब्यातून अंदाजाने घातलं जातं आणि चौथ्या दिवशी डबा रिकामा होतो. वर ‘कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट, गाठिया देऊ नये’ असंही लिहा. शेवटची सूचना विनोदी वाटेल, पण प्रेमापोटी नाश्त्यातलं अर्धं पुढ्यात टाकणारे कर्मचारी आपल्या शहरात कमी नाहीत.

जागा बघायला न कळवता जा आणि जेवायच्या वेळी जा. एसी आहे का हा प्रश्न सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न : रात्री इथे कोण झोपतं? ‘कॅमेरा आहे’ हे त्याचं उत्तर नाही. पोट फुगलेल्या कुत्र्याला कॅमेरा दवाखान्यात नेत नाही. दिवाळीत हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण आपल्याकडे लाभपंचमीपर्यंत निम्मा बाजार बंद असतो आणि नोकरमाणसं गावी जातात. त्या पाच दिवसांत नेमकी कोणती माणसं असतील आणि कोणता पशुवैद्य येईल, हे विचारून लिहून घ्या.

दुसरं, दार. बाहेरच्या फाटकाच्या आत दुसरं फाटक हवं आणि एक उघडं असताना दुसरं बंद ठेवायची सवय हवी. कुत्रे पळतात ते पिंजऱ्यातून नाही, आणता-नेताना. त्यात फटाक्याचा एक आवाज पुरतो. गळपट्ट्याखाली दोनच बोटं जातील इतका तो घट्ट असावा, त्यावर तुमचा चालू मोबाइल क्रमांक असावा. सहलीत ज्याचा फोन लागेल त्याचाच द्या.

तिसरं, नाक. फिनाइलचा घमघमाट म्हणजे स्वच्छता नव्हे. पार्वोचा विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि साध्या सुगंधी फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. आधी विष्ठा पूर्ण काढून, धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून पुन्हा धुवायचं. फरशी कशाने पुसता असं सहज विचारा. ब्लीचचं नाव आपणहून निघालं तर माणूस जाणकार आहे. आणि तुमच्या पुस्तिकेतली पानं न बघता ‘चालेल, आणा’ म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. तो इतरांचीही बघत नसणार.

मुक्कामाची चाचणी मात्र टाळू नका. आधी एक दिवस चार-पाच तास, मग आठवड्याने एक रात्र, दोन्ही सहलीच्या किमान दोन आठवडे आधी. परत आणल्यावर काय बघायचं? आवाज घोगरा झाला असेल तर तो रात्रभर भुंकला आहे. नाकाच्या शेंड्यावर खरचटलं असेल तर जाळीवर घासत बसला आहे. नखं झिजलेली, तुटलेली असतील तर दार खरवडलं आहे. यातलं काहीच नसेल आणि शी-शू नेहमीसारखी असेल तर चार रात्री निभावतील. खरवडणाऱ्या कुत्र्यासाठी दुसरी सोय शोधा, ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका. फटाक्यांची फार भीती असेल तर पशुवैद्याकडून गोळी लिहून घ्या आणि तीही चाचणीच्या रात्रीच देऊन बघा. नुसतं गुंगी आणणारं एसप्रोमॅझिन मागू नका. त्याने शरीर लुळं पडतं, भीती आत तशीच राहते.

आणखी एक बारीक गोष्ट. मोतीला मराठी कळतं, सांभाळणारे बोलणार गुजराती. एका कागदावर लिहून द्या : ‘बस’ म्हणजे ‘बेस’, ‘ये’ म्हणजे ‘आव’, ‘थांब’ म्हणजे ‘ऊभो रहे’. नाहीतर माणूस ‘बस, बस’ म्हणून पुरे सांगतो आणि कुत्रा बिचारा खाणं सोडून खाली बसतो. बाहेर जायचा तुमच्या घरचा शब्द जो असेल तोही लिहा. तो न कळल्याने कोंडून धरणारे कुत्रे असतात.

सकाळी सोडा, म्हणजे दिवसभर माणसं ओळखीची होतात. संध्याकाळी सोडलं की तासाभरात दिवे बंद. अंगावर वापरलेला, न धुतलेला एक टीशर्ट द्या. दोरीची किंवा चामड्याची खेळणी नकोत, एकटा असताना गिळली तर आतडं अडतं. दवाखान्यासाठी लेखी संमती द्या : किती रकमेपर्यंत न विचारता उपचार करावेत आणि तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण. आणि निरोप लांबवू नका.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या पॉमेरेनियनला मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन. बोर्डिंगवाले म्हणतात ‘आम्ही देतो’. विश्वास ठेवावा का?
(वाडी)

उत्तर : कोण देणार, ते नाव विचारा आणि त्या माणसाने तुमच्यासमोर एकदा सुई देऊन दाखवावी. नकार मिळाला तर तिथे ठेवू नका. अशा कुत्र्याला दवाखान्याला जोडलेल्या बोर्डिंगमध्येच ठेवणं बरं.

घोळ होतो तो सिरिंजचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही, आणि सिरिंजा दोन्हींच्या वेगळ्या. चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी टोपीची. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजने चार खुणांपर्यंत भरलं तर अंगात चार नव्हे, दहा युनिट जातात. उलट केलं तर चारऐवजी जेमतेम दीड. म्हणून कुपी आणि सिरिंजा दोन्ही घरूनच, एकाच पिशवीत द्या, दोन-तीन जास्त द्या, आणि एका सिरिंजवर नेमक्या खुणेशी मार्करने रेघ मारून नमुना म्हणून ठेवा. कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि दिसायला तसंच दिसतं.

आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, कारण नव्या जागी पहिल्या रात्री न खाणं अगदी नेहमीचं आहे. कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, थरथरला, तर पुढची सुई बंद, हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि लगेच दवाखाना. ही एक ओळ मोठ्या अक्षरांत, गुजरातीत लिहून पिशवीला बांधा.

प्रश्न : कुत्र्याला सोबतच नेलं तर? भाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे पार्कपाशीच सोय असते.
(रावपुरा)

उत्तर : भाऊ खरं सांगतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या आवारात २०१० साली प्राण्यांच्या मुक्कामाचं खास केंद्र सुरू झालं. आपल्याकडे तसं गृहीत धरून निघू नका. प्रवेशद्वाराशी कुत्रा अडवला की एकच जागा उरते, गाडी. आणि ती जीवघेणी आहे. उन्हातल्या बंद गाडीत २० मिनिटांत साधारण १६ अंश वाढतात. बाहेर ३२ असताना आत ४८. काच दोन बोटं खाली केल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०५ च्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांचा तर त्याहूनही कमी वेळ.

रेल्वेने नेणार असाल तर एसी टू-टियर, थ्री-टियरमध्ये परवानगी नाही. फर्स्ट एसीचं दोन किंवा चार बर्थचं अख्खं कूपे (बंद खोली) आरक्षित करावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. कूपे मिळणं किती अवघड हे वडोदऱ्याहून प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. आजव्याच्या आतापी या मनोरंजन उद्यानासारख्या एका दिवसाच्या सहलीला तर बोर्डिंगचीही गरज नाही, शेजारी दुपारी फिरवून आणतील.

प्रश्न : दोन मांजरं आहेत. त्यांनाही बोर्डिंगमध्येच ठेवावं का? आणि पोपट?
(फतेगंज)

उत्तर : मांजराला माणूस नसला तरी चालतो, जागा लागते. चार-पाच दिवसांसाठी घरीच राहू द्या आणि ओळखीचं कोणी दिवसातून दोनदा येऊ दे. दोन मांजरांना शी-शूच्या मातीचे ट्रे तीन, पाण्याची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत. येणाऱ्याने ट्रेमधले लघवीचे गोळे मोजावेत. बोका वारंवार बसतो आणि ट्रे कोरडा, तर लघवी अडली आहे, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराने २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर दवाखान्यात फोन करा, तीन-चार दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साठते. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, विष आहे ते.

पोपट हिरवा, आपल्याकडचा असेल तर तो पाळणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याच्यासाठी बोर्डिंग सांगता येणार नाही. वनखात्याला कळवा.

प्रश्न : बोर्डिंगमधून आणल्यावर चौथ्या दिवशी कुत्रा खोकायला लागला, घशात हाड अडकल्यासारखा. त्यांचा हलगर्जीपणा ना?
(मांजलपूर)

उत्तर : तसंच असेल असं नाही. हा केनेल कफ दिसतो. संसर्गानंतर २ ते १० दिवसांत दिसतो, आणि त्यामागे अनेक जंतू असल्याने लस दिलेल्यालाही सौम्य होऊ शकतो. खाणं-पिणं, उत्साह ठीक असेल तर एक-दोन आठवड्यांत बरा होतो. तोवर गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा, कारण मानेवर ओढ बसली की ढास लागते. सयाजीबागेत किंवा इतर कुत्र्यांत दोन आठवडे नेऊ नका, आणि बोर्डिंगला फोन करून सांगा, म्हणजे बाकीच्या पालकांना कळेल. ताप १०३ च्या वर, नाकातून पिवळा-हिरवा स्राव, धाप किंवा खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. माणसांची खोकल्याची बाटली देऊ नका.

परतल्यावर पहिला दिवस नुसता झोपणं, घटाघट पाणी पिणं, एक-दोन दिवस सैल शी, हे चालतं. शीमध्ये रक्त किंवा सोबत उलट्या चालत नाहीत. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा काडी लावू नका. गोचीड निघाली तरी पुढचे तीन आठवडे लक्ष असू द्या. मरगळ, फिकट हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर ‘बोर्डिंगहून आला आहे, गोचीड होती’ हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते प्लेटलेट्स पहिल्यांदा तपासतील.