वाचक विचारतात : टेबल मिळाले, शेजार कसा मिळवावा?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली सहा पत्रे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात दिवस घालवणाऱ्या वाचकांची आहेत. कोणी तिथल्या को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या कार्यालयात, बसून काम करते, कोणी अशिलांना घेऊन जेवायला जाते, तर एक वाचक या सगळ्यांना जेवू घालतात. मी स्वतः सहा वर्षे अशाच एका हॉलमध्ये टेबल घेऊन बसत असे, त्यामुळे काही उत्तरांत माझा अनुभव डोकावणार, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे अनुवादाचे काम करते. घरी एकटेपणा जाणवू लागला म्हणून चार महिन्यांपूर्वी एका को-वर्किंगचे सभासदत्व घेतले. हॉलमध्ये रोज साठ-सत्तर माणसे असतात, पण दारावरचे सुरक्षारक्षक सोडले तर माझे नाव तिथे कोणालाही ठाऊक नाही. मी बुजरी आहे हे मान्य. पण दोष फक्त माझाच आहे का?

उत्तर : निदान सगळा दोष तुमचा नाही. मोठ्या मोकळ्या हॉलमध्ये माणसे शेजारीशेजारी बसवली की ती आपोआप बोलू लागतात, हा समज जागा भाड्याने देणाऱ्यांना सोयीचा असला तरी तपासणीत तो टिकत नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी पाहण्याजोगा आहे. दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत आडोसे काढून मोकळी रचना करण्यापूर्वी आणि केल्यानंतर कर्मचारी एकमेकांशी किती बोलतात, हे त्यांनी गळ्यातल्या संवेदक-बिल्ल्यांच्या साहाय्याने मोजले. तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आणि ईमेल व संदेश वाढलेले आढळले. सतत दहा जणांच्या नजरेखाली बसावे लागले की माणूस स्वतःपुरता आडोसा शोधतो, आणि हेडफोन हा त्यातला सर्वांत स्वस्त आडोसा असतो.

को-वर्किंगची कल्पना ज्यांच्या नावावर सांगितली जाते, त्या ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातून दोन दिवस एक जागा घेऊन घडीची टेबले मांडली, तेव्हा पहिला महिनाभर तिथे कोणी फिरकलेच नाही. पुढे माणसे येऊ लागली. एकत्र जेवण आणि पावणेसहाला जागा बंद, हे तिथल्या दिनक्रमाचे भाग होते. म्हणजे जेवणाची वेळ आणि उठण्याची वेळ सगळ्यांची एकच होती. आजच्या अनेक को-वर्किंगमध्ये चोवीस तास प्रवेश असतो आणि प्रत्येक जण आपल्या सोयीने येतो-जातो. ही सोय मोठी आहे यात शंका नाही, पण रोज त्याच वेळी तोच चेहरा दिसण्याची शक्यता तिच्यामुळे कमी होते, आणि माझ्या मते तुमच्या एकटेपणाचे मूळ इथेच आहे.

तुमच्याकडे बहुधा हॉट डेस्क असावे, म्हणजे रोज मिळेल त्या खुर्चीवर बसायचे. शक्य असल्यास राखीव टेबल घ्या. ते परवडत नसेल तर सकाळी थोडे लवकर जाऊन रोज त्याच कोपऱ्यात बसा आणि तो कोपरा पॅन्ट्रीच्या वाटेवरचा निवडा. एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास करून दाखवले होते की, दोन टेबलांमधले अंतर वाढते तसे बोलणे झपाट्याने कमी होते आणि सुमारे ५० मीटरनंतर ते जवळजवळ तळाला जाते. तेव्हा साठ-सत्तर जणांशी ओळख करून घेण्याचा विचार सोडून द्या. तुमच्या आसपासची सात-आठ टेबले एवढेच तुमचे गाव.

माझी पहिली ओळख मायक्रोवेव्हच्या रांगेत झाली. आमच्याकडे एकच यंत्र होते आणि बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी त्याच्यापुढे पाच-सहा माणसे डबे हातात घेऊन उभी राहत. मी आठवडाभर त्या रांगेत उभा राहिलो. सहाव्या दिवशी पुढच्या गृहस्थांनी मागे वळून, ‘तुमचा डबा लहान आहे, तुम्ही आधी घ्या,’ असे म्हटले. व्यवस्थापनाने पुढे दुसरे यंत्र आणले आणि ती रांग संपली, याचे मला आजही थोडे वाईट वाटते. तुम्हीही महिनाभर एकाच वेळी जेवायला उठा, जेवताना हेडफोन टेबलावर सोडून जा आणि नाव विचारण्याची घाई करू नका. बुजऱ्या माणसाला ओळख मागण्यापेक्षा ओळखीचे होऊन जाणे सोपे जाते.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून एका को-वर्किंगमध्ये वर्षभरासाठी केबिन घेत आहोत. करारात कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

उत्तर : सर्वप्रथम हे ध्यानात घ्या की अशा जागांचा करार बहुधा भाडेपट्ट्याचा नसतो, तो जागा वापरण्याच्या परवान्याचा असतो. त्यामुळे भाडेकरूला कायद्याने मिळणारे संरक्षण तुम्हाला मिळेलच असे नाही आणि मुदतीच्या मध्येच तुम्हाला दुसऱ्या केबिनमध्ये हलवण्याचा अधिकार चालकाने स्वतःकडे ठेवलेला असू शकतो. लॉक-इनचा काळ (ज्यात करार मोडून निघता येत नाही), सूचनेची मुदत आणि अनामत परत मिळण्याचे दिवस ही तीन कलमे एकत्र वाचा, कारण स्वतंत्रपणे वाचल्यास तिन्ही निरुपद्रवी दिसतात. मीटिंग रूमचे महिन्याला किती तास मिळतात, न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जमा होतात का, आणि सुट्टीच्या दिवशी वातानुकूलन चालू असते का, हेही लेखी घ्या.

चालक कितीही मोठा असला तरी तो स्वतः बहुतेक वेळा भाडेकरूच असतो. तो इमारतीच्या मालकाकडून दीर्घ मुदतीने जागा घेतो आणि तुम्हाला अल्प मुदतीने देतो. मागणी घटली की तुम्ही निघून जाऊ शकता, पण त्याचे भाडे सुरूच राहते. या व्यवसायातले सर्वांत गाजलेले नाव असलेल्या वीवर्कला नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला, त्यामागे हे दीर्घ मुदतीच्या भाड्यांचे ओझे मोठे होते. म्हणून अनामत जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळत असली तरी त्या मोहात पडू नका. करारावर सही करण्यापूर्वी एक दिवसाचा डे पास घेऊन, भर दुपारी, त्या केबिनच्या दारात उभे राहून फोनवर बोलून पाहा. काचेच्या भिंतीतून किती ऐकू येते ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

प्रश्न : अशिलांना दुपारी जेवायला नेतो, पण गर्दीच्या ठिकाणी इतका गोंगाट असतो की कामाचे बोलणे राहूनच जाते. शांत ठिकाण कसे ओळखावे?

उत्तर : गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लाँबार यांनी १९११ मध्ये नोंदवले होते आणि तो परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारच्यालाही चढवावा लागतो. त्यात जमीन फरशीची, भिंती काचेच्या आणि छत उघडे सिमेंटचे असेल, तर आवाज शोषून घेणारे काहीच उरत नाही. तेव्हा आत शिरल्यावर आधी छताकडे आणि खिडक्यांकडे बघा: कापडी पडदे, गादीच्या खुर्च्या, लाकडी किंवा छिद्रांच्या पट्ट्यांचे छत दिसले तर तिथे बसा. टेबल भिंतीलगतचे आणि स्वयंपाकघराच्या दारापासून दूरचे मागा. अशिलाला भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे त्याच्या नजरेसमोर वर्दळ राहील खरी, पण पाठीमागून येणाऱ्या आवाजापासून त्याची सुटका होईल.

याहून सोपा उपाय घड्याळाचा आहे. व्यापारी भागात सगळी कार्यालये एकाच तासात जेवायला सुटतात, त्यामुळे पाऊण तास आधी किंवा तासभर नंतर गेलात तर तेच ठिकाण ओळखू येत नाही. आणि आकड्यांचे बोलणे मात्र जेवणाच्या टेबलावर करूच नका. मी एकदा माझ्या मानधनाची घासाघीस फोनवर मोठ्याने केली होती. पाठीमागच्या टेबलावर बसलेल्या बाई पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे काम घेऊन आल्या आणि त्यांनी सुरुवातच माझ्या शेवटच्या आकड्यापासून केली.

प्रश्न : को-वर्किंग परवडत नाही. कॉफी हाउसमध्ये दिवसभर लॅपटॉप घेऊन बसणे गैर आहे का?

उत्तर : कॉफी हाउसमधून धंदा करण्याची परंपरा जुनी आहे. लंडनमधल्या एडवर्ड लॉइड यांच्या कॉफी हाउसमध्ये जहाजांचे मालक आणि विमा उतरवणारे भेटत, आणि तिथूनच पुढे ‘लॉइड्स’ हा विमा-बाजार उभा राहिला. त्या कॉफी हाउसचा उल्लेख १६८८ च्या वर्तमानपत्रात सापडतो. पण ते लोक तिथे गिऱ्हाईक म्हणूनच बसत. दर दीड-दोन तासांनी काहीतरी मागवा, चौघांचे टेबल एकट्याने अडवू नका आणि जेवणाच्या गर्दीत उठा. सार्वजनिक वाय-फायवर गोपनीय कागद उघडण्याऐवजी मोबाइलचे हॉटस्पॉट वापरा. दिवसभराचा खर्च मांडून पाहिलात तर आठवड्यातून दोन डे पास कदाचित स्वस्तच पडतील.

प्रश्न : आमच्या को-वर्किंगमध्ये दर आठवड्याला संध्याकाळी ‘नेटवर्किंग’चा कार्यक्रम असतो. मला घरी लहान मूल आहे आणि मी मद्यही घेत नाही. न गेल्याने व्यावसायिक नुकसान होईल का?

उत्तर : होणार नाही. अशा कार्यक्रमांत बरेच जण आधीपासूनच्या ओळखीच्यांशीच बोलत उभे राहतात, आणि व्हिजिटिंग कार्डे खिशात राहून पँटसोबत धुतली जातात. व्यवस्थापकाला एक सुचवून पाहा: महिन्यातून एकदा हाच कार्यक्रम दुपारच्या जेवणाला ठेवा. घरची ओढ असणारे, लांबून येणारे आणि मद्य न घेणारे, असे तुमच्यासारखे आणखी किती आहेत हे तेव्हाच कळेल. अमेरिकेतील अग्निशमन केंद्रांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकत्र जेवणाऱ्या तुकड्यांचे काम सरस असल्याचे आढळले होते. जेवणामुळे काम सुधारते की चांगल्या तुकड्या एकत्र जेवतात, हे त्यावरून ठरत नाही. पण दुपारच्या जेवणात गमावण्यासारखे काहीच नसते.

प्रश्न : व्यापारी भागात माझे मध्यम आकाराचे भोजनगृह आहे. दुपारी दोन तास उभे राहायला जागा नसते आणि संध्याकाळी सातनंतर वेटर भिंतीला टेकून उभे असतात. शनिवार-रविवार तर बंदच ठेवतो. काय करावे?

उत्तर : तुमचे दुखणे जुने आहे आणि त्याचे निदान शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच करून ठेवले आहे. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसराचे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले होते की, लाखो माणसे कामाला येणाऱ्या भागातही दुकाने आणि भोजनगृहे नीट चालत नाहीत, कारण सगळी गिऱ्हाइके एकाच घटकेला येतात आणि एकाच घटकेला जातात. दोन तासांच्या गर्दीसाठी ठेवलेली खुर्ची उरलेला दिवस भाडे खात बसते. त्या परिसराने पुढे जो मार्ग धरला तो तुमच्या हातातला नाही: १९९५ पासून करसवलती देऊन जुन्या कार्यालयीन इमारतींची घरे करण्यात आली आणि संध्याकाळी तिथेच राहणारी माणसे आली.

तुमच्या हातात आहे ते मधले तास भरणे. तीन ते सहा या वेळात आसपासच्या को-वर्किंगच्या सभासदांना बसून काम करू द्या: टेबलाजवळ विजेचे पॉइंट, बऱ्यापैकी इंटरनेट आणि तासाला ठरावीक किमान मागणी. त्या चालकांनाही हे सोयीचे आहे, कारण त्यांच्या मीटिंग रूम नेमक्या त्याच वेळी भरलेल्या असतात. संध्याकाळसाठी रोजची धडपड करण्यापेक्षा आठवड्यातला एकच वार पक्का धरा आणि त्या दिवशी एखाद्या व्यवसायाच्या मंडळींना, मग ते लेखापाल असोत वा चित्रकार, मागची खोली द्या. बाकीच्या दिवशी सरळ आठला बंद करून वेटरांना घरी पाठवा.

आणि बसण्याची मांडणी बदलून पाहा. न्यूयॉर्कमधल्या चौकांत माणसे कुठे आणि कशी बसतात, याचे १९७० च्या दशकात कॅमेऱ्याने चित्रण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांना दिसले होते की, हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्यापूर्वी ती दोन-चार इंच सरकवतोच, सरकवण्याची गरज नसली तरी. तुमच्याकडे खुर्च्या जमिनीला जखडलेल्या असतील तर मोकळ्या करा. दुपारी एकट्याने येणाऱ्यांना चौघांच्या टेबलावर बसवून तुमच्या तीन जागा वाया जात असणार. दारापासून आतपर्यंत एकच लांब टेबल लावा आणि एकट्या गिऱ्हाइकांना तिथे बसवा. सुरुवातीला मधे एकेक खुर्ची सोडून माणसे बसतील. वेटरला त्यांना सरकायला सांगू देऊ नका. पाणी आणि चमचे दोघांत एक असे ठेवा, म्हणजे ते मागण्याच्या निमित्ताने तरी कोणीतरी तोंड उघडेल. आमच्या अनुवादिकाबाई त्याच भागात असतील तर एक वाजून दहा मिनिटांनी त्या तुमच्याकडे येतीलही.