डॉजर्सचे नवे गडी आणि त्यांची कोपरे

फिनिक्सनजीकच्या कॅमलबॅक रँच या सराव-मैदानावर ९ फेब्रुवारी २०२४ला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारे) दाखल झाले आणि त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढला. मी खांदा आणि कोपर यांच्या दुखापतींवर उपचार करणारी डॉक्टर आहे आणि वीस वर्षे या संघाची चाहती आहे; या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून एरवी मी संघाविषयी लिहिणे टाळते. परंतु २०२४च्या हंगामासाठी घेतलेल्या प्रमुख खेळाडूंपैकी तिघांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालेली आहे आणि निम्म्या पत्रांत तोच एक गैरसमज पुन्हा पुन्हा येत आहे, म्हणून एकदाच उत्तरे देते. या खेळाडूंना मी तपासलेले नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले आहे ते जाहीर झालेल्या माहितीवरून लिहिले आहे.

प्रश्न : पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणारा शोहेइ ओतानी २०२४च्या हंगामात पिचिंग करणार का? (अर्व्हाइन)

उत्तर : नाही. कोपरावरील शस्त्रक्रियेमुळे तो २०२४मध्ये डेझिग्नेटेड हिटर म्हणून केवळ फलंदाजी करील.

प्रश्न : ओतानीला ७० कोटी डॉलर मिळणार, पण वर्षाला फक्त २० लाखच, असे व्हॉट्सॲपवर वाचले. यात खरे काय? आणि अशा पद्धतीने पगार उशिरा घेतला तर करात फायदा होतो का? माझी कंपनीही तसा पर्याय देते. (फ्रीमाँट)

उत्तर : या वेळी व्हॉट्सॲपवरचे खरे निघाले, हे कबूल करायला हवे. १० वर्षांच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात, व्याजाविना, दर वर्षी ६ कोटी ८० लाख याप्रमाणे मिळतील. संघाला त्यामुळे आज इतर खेळाडू घेण्यास मोकळीक मिळते. तुमच्या कंपनीच्या पर्यायाविषयी मात्र कोपराच्या डॉक्टरला नव्हे, सीपीएला (अमेरिकेतील सनदी लेखापालाला) विचारावे. (आपली १७ क्रमांकाची जर्सी ओतानीसाठी सोडून देणारा संघातील खेळाडू जो केली याच्या पत्नीला ओतानीने पोर्शे गाडी भेट दिली, हेही खरे आहे. त्याविषयीही दोघांनी विचारले होते.)

प्रश्न : टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर हात आधीपेक्षा मजबूत होतो आणि चेंडूचा वेग वाढतो, असे आमच्या मुलाचे प्रशिक्षक सांगतात. ओतानीची दुसरी शस्त्रक्रिया झाल्याने तो आणखी वेगवान होईल का? (टॉरन्स)

उत्तर : हाच तो गैरसमज. ज्या संघाविषयी आपण बोलत आहोत त्याच संघात या शस्त्रक्रियेचा जन्म झाला, त्यामुळे निदान डॉजर्सच्या चाहत्यांना तरी ही गोष्ट नीट ठाऊक असावी. १९७४ साली डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे दंडाचे हाड आणि हाताचे हाड यांना बांधून ठेवणारी पट्टी, फाटले. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी मनगटातील एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून ती हाडांत भोके पाडून त्या जागी ओवली. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी रुग्णाला आधीच सांगितले होते. टॉमी जॉन १९७५चे संपूर्ण वर्ष बाहेर बसला, १९७६मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले.

ती कंडरा तुम्हीही पाहू शकता. तळहात वर करून अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मध्यभागी दोरीसारखी उठून दिसते, तीच. काही लोकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काहीही अडत नाही. आता विचार करा : जे लिगामेंट लहानपणापासून त्या जागी वाढले त्याच्या ठिकाणी बसवलेली ही दोरी मूळच्यापेक्षा सरस कशी असेल? शस्त्रक्रियेनंतर काहींचा वेग वाढलेला दिसतो तो वर्षभराच्या शिस्तबद्ध व्यायामामुळे, विश्रांतीमुळे आणि कोवळ्या वयात अंगाने भरल्यामुळे, सुरीमुळे नव्हे. ओतानीवर पहिली शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०१८मध्ये आणि दुसरी सप्टेंबर २०२३मध्ये झाली. दुसऱ्या खेपेचा मार्ग पहिल्यापेक्षा कठीण असतो आणि सगळेच पहिल्या ताकदीने परतत नाहीत. प्रशिक्षकांचे हे मत शस्त्रक्रिया करणाऱ्या एखाद्या डॉक्टरासमोर मांडून पाहावे. ते काय म्हणतात ते मला कळवा.

प्रश्न : जपानी पिचर योशिनोबू यामामोतो याने करार झाला तेव्हा अमेरिकेत एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता आणि उंची जेमतेम ५ फूट १० इंच. त्याला १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर देणे हा वेडेपणा नाही का? (सॅन होजे)

उत्तर : उंचीची काळजी मला वाटत नाही. जपानमध्ये ओरिक्स बफेलोजकडून खेळताना त्याने २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार मिळवला. असा पिचर पंचविसाव्या वर्षी बाजारात येणे दुर्मीळच. माझी काळजी वेगळी आहे. जपानमध्ये पिचरला साधारण आठवड्यातून एकदा चेंडू टाकावा लागतो. इथे पाच-सहा दिवसांनी. चेंडूही वेगळा : जपानी चेंडू किंचित लहान आणि बोटांना चिकटणारा, तर अमेरिकेतला गुळगुळीत, त्यामुळे सामन्याआधी त्याला चिखल चोळावा लागतो. पकड बदलली की बोटांचा जोर बदलतो आणि बोटांना वळवणारे स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्यापाशीच उगम पावतात. नोव्हेंबर २०२३मध्ये जपान मालिकेच्या (तिथल्या अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीच्या) सहाव्या सामन्यात त्याने एकट्याने १३८ चेंडू टाकून १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मारू न देताच बाद केले, त्याची चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी मला पाठवली. मी ती पाहिली, आणि साधारण १०० चेंडूंनंतर मी केवळ त्याच्या कोपराकडे पाहत होते.

डॉजर्सचे व्यवस्थापन माझ्याहून शहाणे आहे, हे करारातील एका कलमावरून दिसते. यामामोतोला करारातून बाहेर पडण्याची पहिली संधी २०२९च्या हंगामानंतर आहे. पण त्याआधी कोपराची मोठी इजा झाली तर ती दोन वर्षे पुढे जाते. ३२ कोटींच्या कागदावर कोपरासाठी स्वतंत्र कलम आहे, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

प्रश्न : नव्या पिचरांपैकी टायलर ग्लासनाउ की जेम्स पॅक्स्टन, कोणावर भरवसा ठेवावा? (सॅक्रामेंटो)

उत्तर : पूर्ण भरवसा दोघांवरही नाही. ग्लासनाउ ६ फूट ८ इंच उंच, विलक्षण वेगाचा आणि टॅम्पा बे रेजकडून आलेला. त्याच्याशी १३ कोटी ६५ लाख डॉलरचा करार झाला आहे, परंतु २०२३पर्यंत मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) कोणत्याही हंगामात त्याने १२०पेक्षा अधिक इनिंग (तीन फलंदाज बाद झाले की एक) टाकलेल्या नव्हत्या आणि त्या १२० होत्या २०२३च्या. २०२१मध्ये त्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली आहे. पॅक्स्टनवरही त्याच वर्षी झाली; २०२३मध्ये बोस्टनसाठी त्याने १९ सामन्यांची सुरुवात केली (म्हणजे पहिल्या चेंडूपासून तोच पिचर होता) आणि २०२४साठी त्याचा खात्रीचा पगार ७० लाख ठेवून उरलेले पैसे तो तंदुरुस्त राहण्याशी जोडले आहेत. हीच पद्धत मला रास्त वाटते. मला विचाराल तर ग्लासनाउला २०२४च्या हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत मुद्दाम एखादा आठवडा जादा विश्रांती द्यावी. अर्थात हा निर्णय संघाच्या डॉक्टरांचा आहे. त्यांच्याकडे एमआरआय आहे, माझ्याकडे दूरचित्रवाणी.

प्रश्न : फलंदाज तेओस्कर हर्नांडेझ २०२३मध्ये सिएटलसाठी खेळताना २११ वेळा स्ट्राइकआउट झाला. त्याला २ कोटी ३५ लाख कशासाठी? (बे एरिया)

उत्तर : त्याच वर्षीच्या २६ होमरनसाठी (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यांसाठी), आणि करार २०२४ या एकाच वर्षाचा होता म्हणून.

प्रश्न : आमच्याकडे जसप्रीत बुमराहसारखे गोलंदाज वर्षानुवर्षे वेगाने चेंडू टाकतात, त्यांचे कोपर कधी फाटत नाही. हे बेसबॉलवाले नाजूक आहेत का? (पुणे)

उत्तर : नाजूक नाहीत, फेकण्याची तऱ्हा वेगळी आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ करण्यास नियमानेच बंदी आहे. तो धावत येऊन वेग मिळवतो आणि पुढचा पाय आपटताना तो सगळा भार कमरेवर घेतो. म्हणून बुमराहची शस्त्रक्रिया पाठीची झाली. पिचर जवळपास उभ्या जागेवरून चेंडू टाकतो; त्याचे कोपर काटकोनात वाकते, खांदा मागे फिरतो आणि मग निमिषार्धात हात सरळ होताना कोपराची आतली बाजू उघडू पाहते. ती उघडू न देणारे ते लिगामेंट. एकाची पाठ, दुसऱ्याचे कोपर. फुकट कोणालाच काही मिळत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा १२ वर्षांचा आहे. तो लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत) आणि शनिवार-रविवारी ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या संघात) पिचिंग करतो. यामामोतो भाला फेकून सराव करतो, म्हणून त्याच्या खासगी प्रशिक्षकांनी जड चेंडूंचा आठ आठवड्यांचा ‘वेग वाढवा’ कार्यक्रम सुचवला आहे. गेले तीन आठवडे त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूस दुखते. त्याचे बाबा म्हणतात, एप्रिलची स्पर्धा होऊ द्या, मग दाखवू. (सेरिटोस)

उत्तर : ताई, या पत्राला मी खासगी उत्तर आधीच पाठवले आहे, इथे देते ते इतर आईवडिलांसाठी. दुखणाऱ्या कोपराने एकही चेंडू टाकायचा नाही, आजपासून. १२ वर्षांच्या मुलात लिगामेंटपेक्षा कमकुवत जागा वेगळी असते : कोपराच्या आतल्या उंचवट्याखाली हाड वाढवणारी कूर्चेची पट्टी असते आणि ताण पडला की आधी ती सुटू लागते. वेळेत थांबले तर विश्रांतीने ती बहुधा भरून येते. स्पर्धा होईपर्यंत थांबले तर तो उंचवटाच ओढला जाऊन निखळू शकतो आणि मग शस्त्रक्रियेची पाळी येते. गेल्या वर्षी माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाला दोन्ही हात पुढे करून सरळ धर, असे मी सांगितले, तेव्हा उजवा हात डाव्याहून बोटभर वाकडा राहिला. त्याच्या वडिलांनी ते त्या क्षणी प्रथमच पाहिले. त्या घरातही ‘फक्त शनिवारचा अंतिम सामना’ राहिला होता.

आता आकडे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट या मार्गदर्शिकेनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती, ५१ ते ६५ला तीन, ३६ ते ५०ला दोन, २१ ते ३५ला एक. वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद, त्यांपैकी दोन-तीन महिने सलग आणि त्या काळात डोक्यावरून कोणताही चेंडू फेकायचा नाही. पिचिंग आणि कॅचिंग एकाच सामन्यात नको. नियम सगळ्यांना पाठ असतात. गफलत अशी होते की लिटल लीगचा प्रशिक्षक आपले चेंडू मोजतो, ट्रॅव्हल टीमचा प्रशिक्षक आपले मोजतो आणि दोन्हींची बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज घरी करावी लागते. फ्रिजवर एक कागद लावा आणि प्रत्येक सामन्यानंतर मुलाला स्वतःच्या हाताने आकडा लिहू द्या.

जड चेंडूंविषयी सांगायचे तर त्यांनी वेग वाढतो हे खरे आहे, पण त्याबरोबर दुखापतीही वाढतात, आणि हाडे पूर्ण वाढलेल्या व्यावसायिक खेळाडूचा कार्यक्रम बालकाला विकणे हा प्रशिक्षणाचा नव्हे, दुकानदारीचा भाग झाला. यामामोतोच्या भाल्यामागे त्याच्या शरीराचा बारकाईने अभ्यास करणारी माणसे आहेत. खासगी प्रशिक्षकाकडे चेंडूचा वेग मोजणारी रडार गन आहे आणि आठ आठवड्यांचे शुल्क आगाऊ घेण्याची पावती आहे. दुखणे असेल, कोपर पूर्ण सरळ होत नसेल, किंवा अचानक वेग आणि अचूकपणा कमी झाला असेल तर लहान मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक यांना याच आठवड्यात भेटा आणि दोन्ही कोपरांचे एक्स-रे तुलनेसाठी काढून मागा.

प्रश्न : तांब्याची कोपरपट्टी उपयोगी पडते का? (ह्यूस्टन)

उत्तर : नाही, ती दुखणे झाकते आणि तपासणी लांबवते.

प्रश्न : आम्ही सॅन डिएगोच्या पाद्रेस या प्रतिस्पर्धी संघाचे समर्थक आहोत. एवढा पैसा ओतून डॉजर्स २०२४मध्ये तरी प्लेऑफमध्ये (ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत) टिकतील का? (सॅन डिएगो)

उत्तर : खोचक प्रश्न आहे, पण चुकीचा नाही. २०२३मध्ये आम्ही १०० सामने जिंकूनही ॲरिझोनाने आम्हाला ३-०ने घरी पाठवले. त्या तीन सामन्यांत आमच्या तिन्ही सुरुवातीच्या पिचरनी मिळून अवघे १४ फलंदाज बाद केले. क्लेटन कर्शॉने पहिल्या सामन्यात सहा धावा देऊन एकच गडी बाद केला आणि नोव्हेंबरात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२४च्या हंगामाआधी वॉकर ब्यूलर दुसऱ्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून परतत होता. टोनी गोन्सोलिन आणि डस्टिन मे शस्त्रक्रियेनंतर तेव्हा बाहेरच होते. हा संघ पिचर का विकत घेत होता, हे यावरून कळावे. ऑक्टोबरमध्ये टिकण्याचा प्रश्न मी ऑगस्टमध्ये पाहीन, जेव्हा ग्लासनाउच्या इनिंगांचा आकडा १२०च्या जवळ आलेला असेल.

प्रश्न : हंगामाचा दक्षिण कोरियातील सोलचा पहिला सामना किती वाजता? (ठाणे)

उत्तर : २० मार्च २०२४, गोचोक स्कायडोम, समोर पाद्रेस, भारतात दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आणि लॉस एंजेलिसमध्ये पहाटे ३ वाजून ५ मिनिटांनी. तो बुधवार आहे, शाळा आहे. कॅलिफोर्नियातल्या मुलांना झोपू द्यावे.