ड्रॅक्युला, सॉरॉन, झह्हाक : खलनायकांची नावं येतात कुठून?

प्रश्न असा आलाय की ड्रॅक्युला, सॉरॉन, व्होल्डेमॉर्ट या फँटसीतल्या खलनायकांची नावं इतिहासातल्या खऱ्या माणसांवरून घेतलीत का, आणि 'असुर' या शब्दाचं इराणी 'अहुर'शी नातं आहे म्हणतात ते खरं का. दोन्ही प्रश्न माझ्या अगदी आवडीचे. उत्तर एकत्रच देतो, कारण नाव उचलणं वेगळं आणि इतिहास उचलणं वेगळं, आणि या विषयावरच्या बहुतेक चर्चांत नेमकी तिथेच गल्लत होते.

सुरुवात ड्रॅक्युलापासून करू, कारण इथे खरा माणूस आहेच. व्लाद तिसरा, १५व्या शतकात वालाकियाचा राजा, म्हणजे आजच्या रोमानियाचा दक्षिण भाग. त्याच्या बापाला १४३१ मध्ये ड्रॅगनचं चिन्ह मिरवणाऱ्या एका सरदारसंघात घेतलं गेलं, हा संघ हंगेरीचा राजा सिगिसमुंड याने १४०८ मध्ये काढला होता, त्यावरून बाप झाला 'द्राकुल' आणि त्याचा मुलगा म्हणून व्लाद 'द्राकुल्या'. मुळात लॅटिनमधला 'द्राको' म्हणजे ड्रॅगन, पण रोमानियन भाषेत त्याच शब्दाचा 'द्राक' होऊन अर्थ झाला सैतान. म्हणजे बापाच्या मानाच्या पदवीलाच दुसरा, काळा अर्थ चिकटला. व्लाद स्वतः कागदपत्रांवर हे नाव लावायचा, त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. सुळावर चढवण्याबद्दल जे नाव पडलं ते वेगळं, 'त्सेपेश', आणि त्या क्रौर्याच्या कहाण्या जर्मन पत्रकांतून पसरल्या, न्युरेम्बर्गमध्ये १४८८ साली असं एक पत्रक छापलेलं आहे.

आता पुढचं नीट वाचा. 'ड्रॅक्युला' कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या हस्तलिखित नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, त्यात काउंटचं, म्हणजे कादंबरीतल्या त्या रक्तपिपासू सरदाराचं, नाव आधी 'वॅम्पिर' असं आहे आणि ते खोडून 'ड्रॅक्युला' केलंय. १८९० च्या उन्हाळ्यात तो व्हिटबी या इंग्लंडमधल्या गावी होता, तिथल्या ग्रंथालयात त्याला विल्यम विल्किन्सनचं वालाकिया आणि मोल्डेव्हियावरचं १८२० चं पुस्तक मिळालं, त्यातल्या एका तळटीपेत लिहिलंय की वालाकियाच्या भाषेत ड्रॅक्युला म्हणजे सैतान, आणि धाडसी, क्रूर किंवा धूर्त माणसाला तिथले लोक हे नाव देतात. स्टोकरने ही टीप उतरवून घेतली. त्याला भावला तो हा अर्थ! १८९७ मध्ये आलेल्या कादंबरीत तुर्कांशी लढलेल्या एका ड्रॅक्युलाचे ओझरते उल्लेख आहेत, तेही विल्किन्सनकडूनच आलेले, पण व्लाद हे नाव कुठेही नाही आणि सुळांचं तर अवाक्षर नाही. काउंट म्हणजेच व्लाद ही समजूत सगळीकडे पसरली ती १९७२ मध्ये दोन इतिहासकारांनी त्यावर पुस्तक लिहिल्यानंतर. त्यामुळे 'व्लादवरून ड्रॅक्युला लिहिला' असं कुणी म्हटलं तर मी म्हणेन, नाव व्लादच्या घराण्याचं, माणूस स्टोकरचा.

सॉरॉनच्या बाबतीत खरा माणूस शोधू नका, तिथे भाषा आहे. सॉरॉन ज्यात आहे त्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन हा ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक, त्याने आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणारे लोक नंतर. वाचकांनी सॉरॉनचा संबंध ग्रीक 'सॉरा' म्हणजे सरडा याच्याशी लावला, डायनासोर वगैरेमध्ये जो 'सोर' आहे तोच, आणि ऐकायला पटतंसुद्धा. पण १९६७ च्या एका पत्राच्या मसुद्यात टॉल्किनने स्वच्छ लिहून ठेवलंय की काहीही संबंध नाही, हे नाव त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या 'तिरस्करणीय' अशा अर्थाच्या धातूवरून आलंय. उलट त्याच कादंबरीतला दुष्ट जादूगार सारुमान, त्याचं नाव खऱ्या जुन्या इंग्रजीतलं आहे. 'सेआरु' म्हणजे कौशल्य, युक्ती, आणि कपटसुद्धा, आणि त्याच्या मनोऱ्याचं नाव 'ऑर्थँक' हाही जुन्या इंग्रजीतला कारागिरी, कल्पकता अशा अर्थाचा शब्द. ज्याच्या डोक्यात सतत यंत्रं फिरतात त्याला हे नाव देणं मला फारच सुंदर वाटतं. सॉरॉनच्या सैन्यातल्या राक्षसी जिवांचं नाव 'ऑर्क'सुद्धा जुन्या इंग्रजीतलंच, बेओवुल्फ या काव्यात 'ऑर्कनेआस' नावाचे दुष्ट जीव येतात.

हॅरी पॉटरमधल्या व्होल्डेमॉर्टचं थोडक्यात सांगतो. नाव लेखिका रोलिंगने बनवलेलं आहे, फ्रेंच म्हणून वाचलं तर मृत्यूचं उड्डाण किंवा मृत्यूची चोरी, कारण 'व्होल' या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, आणि शेवटचा 'ट' उच्चारायचा नाही असं रोलिंगने स्वतः सांगितलंय. 'स्टार वॉर्स' सिनेमांतल्या डार्थ व्हेडरच्या नावातच तो बाप असल्याचा इशारा आहे हे मात्र उगाच पसरलंय. डच भाषेत 'व्हाडर' म्हणजे बाप हे खरं, पण सुरुवातीच्या मसुद्यांत व्हेडर हा नायकाचा बाप नव्हताच, बापाचं पात्र वेगळं होतं, ते वळण १९७८ च्या सुमारास पुढच्या भागाच्या पटकथेत आलं. म्हणजे नाव आधी आणि बाप नंतर. साम्य दिसलं की लगेच व्युत्पत्ती म्हणू नये, आधी मसुद्यांच्या तारखा बघाव्यात, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आता असुर. नातं अगदी पक्कं आहे. संस्कृत 'स' च्या जागी इराणी भाषांत पुष्कळदा 'ह' येतो, सप्तचा हप्त होतो (आपला हप्ता फारसीतून आला तो तिथलाच), तसा असुरचा अहुर. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात अहुर मज्द हा परमेश्वर आणि 'दएव' म्हणजे आपले देव हे तिथे दुष्ट, इंद्राचंसुद्धा नाव त्या दुष्टांच्या यादीत येतं. हे वाचून लोक लगेच म्हणतात की दोन टोळ्यांचं भांडण झालं आणि एकमेकांच्या देवांना राक्षस ठरवलं. इतकं सरळ नाहीये ते. ऋग्वेदात वरुण, अग्नी, इंद्र यांनाच असुर म्हटलंय, तेही आदराने, म्हणजे शब्द बिघडला तो नंतर आणि इकडे घरातच. पुढे त्यातला 'अ' नकारार्थी समजून तो काढला आणि 'सुर' असा नवाच शब्द तयार केला.

पण मला सगळ्यात मोलाचं उदाहरण वाटतं ते झह्हाक या इराणी खलनायकाचं. अवेस्तात अझि दहाक नावाचा तीन तोंडांचा, सहा डोळ्यांचा सर्प आहे, हा 'अझि' म्हणजे आपला 'अहि', इंद्राने मारलेल्या वृत्राला ऋग्वेद अहि म्हणतो तोच शब्द. तिथे त्याचा संबंध बाव्री या प्रदेशाशी जोडलाय, आणि अभ्यासक बाव्रीला सहसा बॅबिलोन मानतात. नंतर ७व्या शतकात अरबांनी इराण जिंकला, आणि फिरदौसी या कवीने १०१० मध्ये शाहनामा हे फारसी महाकाव्य पुरं केलं त्यात हाच सर्प खांद्यांवर दोन साप उगवलेला अरब राजपुत्र झह्हाक झालेला दिसतो, त्या सापांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागतात. म्हणजे शत्रू बदलला तसा खलनायकाचा देशही बदलला, आणि हे कुणा एका लेखकाने ठरवून केलेलं नाही, म्हणून स्टोकरच्या ड्रॅक्युलापेक्षा झह्हाकमध्ये मला इतिहास जास्त दिसतो. नावाचंही तेच झालं, 'दहाक' अरबीत शिरला तिथे 'दह्हाक' म्हणजे खूप हसणारा असा शब्द आयता होता, त्यामुळे सर्पाच्या नावाला हसण्याचा अर्थ मिळाला, ज्याचा मूळ सर्पाशी काही संबंध नाही.

आपल्याकडे राक्षस शब्दाला रामायणाच्या उत्तरकांडात अशीच एक कथा जोडलेली आहे, ब्रह्मदेवाने पाण्याचं रक्षण करायला प्राणी निर्माण केले, त्यातले 'रक्षाम' म्हणाले ते राक्षस आणि 'यक्षाम' म्हणाले ते यक्ष. कथा म्हणून छानच आहे, पण व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून ती देऊ नका.