मूत्रनळीत ९ मिमीचा खडा दोन महिन्यांपासून अडकलाय. गोळ्या चालू आहेत, आता दुखतही नाही. ऑपरेशन टाळून हुलग्याच्या पाण्यावर निघेल का?

नाही निघणार. आणि तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य हुलग्याचं नाही, "आता दुखत नाही" हे आहे. मी युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, ऑपरेशन थिएटरमध्ये लेझरचं मशीन सांभाळतो. डॉक्टर नाही, पण असे अडकलेले खडे रोज समोर असतात.

खडा टोचतो म्हणून कळ येते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. खड्यानं नळी अडते, वर लघवी तुंबते, किडनीत दाब चढतो, ती कळ त्या दाबाची. काही दिवसांनी तुंबलेली किडनी लघवीच कमी बनवते, आतली पिशवी ताणून सैल पडते, दाब उतरतो आणि कळ थांबते. खडा जागच्या जागी. वर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं तर तेही नॉर्मल येतं, कारण दुसरी किडनी दोघींचं काम ओढत असते. रिपोर्ट नॉर्मल, दुखणं बंद, आणि इकडं किडनीचा गर झिजत असतो.

माझ्या चुलत्यांचं हेच झालं. सेलूकडं रान आहे. ऐन मे महिन्यात उजव्या कुशीत कळ आली, उलट्या झाल्या, गावातच डायक्लोफिनॅकचं, म्हणजे कळ थांबवायचं, इंजेक्शन घेतलं. मग रोज सकाळी तांब्याभर हुलग्याचं पाणी. आठव्या दिवशी दुखायचं थांबलं. "हुलग्यानं पडला खडा," हे त्यांनी अख्ख्या पारावर सांगितलं. मी म्हणलं, पडलेला खडा बघितला का? तर म्हणे, बारीक होऊन गेला असंल. सोनोग्राफी करा म्हणलं तर "तुम्हा दवाखानेवाल्यांना गिऱ्हाईक पाहिजे". दिवाळीनंतर लघवीची धार बारीक झाली म्हणून प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी झाली आणि उजवी किडनी फुगून पिशवी झालेली दिसली. सीटीत ११ मिमीचा खडा मूत्रनळीच्या मधल्या भागात, घनता १२५० एचयू (सीटीवर खडा किती घट्ट दिसतो त्याचं माप). क्रिएटिनिन १.१. म्हणजे कागदावर माणूस ठणठणीत.

अशा वेळी थेट खडा फोडत नाहीत. आधी पाठीतून सुई घालून किडनीत नळी टाकली, लघवी बाहेर पिशवीत काढली आणि चार आठवडे थांबले. तुंबलेली किडनी मोकळी केल्यावर किती सावरते ते बघायचं असतं. डीटीपीए स्कॅनमध्ये (कुठली किडनी किती काम करते ते त्यात दिसतं) तिच्या वाट्याचं काम २२ टक्के निघालं. दोन्ही किडन्या धड असतील तर प्रत्येकीकडं साधारण निम्मं असतं. हेच १० टक्क्यांच्या खाली निघालं असतं तर किडनी काढायचीच चर्चा झाली असती.

मग दुर्बीण. सहा-सात महिने एका जागी बसलेला खडा नळीच्या भिंतीत रुतलेला असतो, भोवती सूज आणि मांस वाढलेलं. गाइडवायर, म्हणजे दुर्बिणीच्या आधी सरकवायची बारीक तार, खड्याच्या शेजारून वर जाईना. अशा वेळी जोर केला की नळीला भोक पडतं. म्हणून खड्याच्या मधोमध लेझरनं थोडी वाट करून तार वर घातली आणि मग बाकीचा खडा. सेटिंग दोन तऱ्हेची असते : ०.५ जूलच्या (एका झटक्याचा जोर) आसपास आणि हर्ट्झ (सेकंदाला झटके) जास्त ठेवले की खड्याचा भुगा होतो, १ जूल आणि ८-१० हर्ट्झ ठेवले की तुकडे पडतात. कडक खड्यावर जोर वाढवायचा मोह होतो, पण जोर वाढवला की खडा उडून वर किडनीत पळतो. मग त्याच्यामागं लवचीक दुर्बीण घेऊन जावं लागतं.

आता तुमचं. ५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपण पडतात. ५ ते १० मधले साधारण निम्मे. त्यातही पडायचा असेल तर चार ते सहा आठवड्यांत पडतो, त्यासाठी नळी सैल करणारी टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची गोळी रात्री जेवणानंतर देतात. (ती गोळी घेऊन पहाटे झटकन उठू नका, चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला ती आवर्जून सांगा.) तुमचे दोन महिने झाले, म्हणजे वाट बघायची मुदत संपली. ९ मिमी हे सोनोग्राफीचं माप असेल तर आधी साधा सीटी, बिनडायचा, करून घ्या. सोनोग्राफीत मधल्या नळीतला खडा आतड्यातल्या हवेमागं लपतो आणि माप बहुधा जास्त दिसतं. सीटीत तीन गोष्टी बघा : खडा नेमका कुठं, किडनी किती फुगलीय आणि घनता किती. १००० एचयूच्या वर असेल तर बाहेरून शॉकवेव्ह देणाऱ्या मशीनवर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात रुतलेल्या खड्याभोवती पाणी नसतं, त्यामुळं तडा गेला तरी तुकडे सुटत नाहीत.

४००-५०० एचयू असेल आणि एक्सरेत खडा दिसतच नसेल तर तो युरिक ॲसिडचा असू शकतो. तेवढा एकच औषधानं विरघळतो, लघवीचा पीएच (आंबटपणाचं माप) ६.५ ते ७ दरम्यान ठेवून, पोटॅशियम सायट्रेटवर. बाकी कॅल्शियम ऑक्झॅलेटचा तयार खडा पोटात घेतलेल्या कशानंही विरघळत नाही. हुलगे नाही, पानफुटी नाही, बिअर तर नाहीच. हुलग्याचं नाव झालं ते ४ मिमीच्या खड्यांमुळं, जे ताकावरही पडले असते. शेंगोळे खा, माडगं प्या, चांगलंच आहे. फक्त त्याला औषध म्हणू नका.

दुर्बिणीला जाण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, झालंच पाहिजे. जंतू असताना दुर्बीण घातली की पाण्याच्या दाबानं ते रक्तात जातात. आणि कधी कधी नळी इतकी अरुंद असते की दुर्बीण वरच जात नाही. मग डॉक्टर नुसती डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रनळीत तात्पुरती ठेवायची बारीक नळी, टाकून दोन आठवड्यांनी परत बोलावतात. नातेवाईक बाहेर भांडतात, "खडा काढलाच नाही, बिल कशाचं?" स्टेंटमुळं नळी आपोआप सैल होते आणि दुसऱ्या वेळी काम सोपं होतं. जो डॉक्टर थांबतो तोच बरा.

स्टेंट म्हणजे साधारण २ मिमी जाडीची, २४-२६ सेंटीमीटर लांबीची, दोन्ही टोकांना वळलेली नळी. ती असताना लघवी करताना कुशीत दुखतं, कारण लघवी उलटी वर चढते. मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवला की लघवी लालसर होते. त्याला घाबरू नका, जोर लावून लघवी करू नका. घाबरायचं ते तारखेला. दोन ते चार आठवड्यांत ती काढतात, तीन महिन्यांच्या पुढं सहसा ठेवत नाहीत. विसरली तर तिच्यावरच खडे चढतात आणि मग एका खड्याच्या जागी तीन ऑपरेशनं. सुगी आली, लग्न निघालं, म्हणून लोक विसरतात. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून घ्या आणि घरातल्या दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये गजर लावा.

खर्चाचं : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दुर्बिणीनं खडा काढणं बसतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन आधी जा, भरती झाल्यावर नाही. स्टेंट काढायचे पैसे त्यातच आहेत का तेही तेव्हाच विचारा.

नंतरचं थोडक्यात. बोअरच्या जड पाण्याला शिव्या देऊन जार लावणारे खूप आहेत. आपल्याकडं खडे होतात ते मुख्यतः पाणी कमी पिण्यानं आणि उन्हात घाम गाळण्यानं. प्यालेलं पाणी मोजू नका, लघवी मोजा : दिवसाला अडीच लिटर. रानातल्या आणि ऊसतोडीच्या बायका आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, त्यांना हे सांगून उपयोग नाही, आधी आडोसा करा. मीठ कमी, म्हणजे ठेचा, पापड, लोणचं जपून. दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरतं. टोमॅटोच्या बियांना उगाच बदनाम केलंय, पालक आणि अळू मात्र खरंच कमी करा. निघालेला तुकडा चहाच्या गाळणीत धरून तपासायला द्या.

हे आधी लिहायला पाहिजे होतं : थंडी वाजून ताप आला तर वरचं सगळं बाजूला. त्याच रात्री युरॉलॉजिस्ट असलेल्या दवाखान्यात जा, सकाळची एसटी बघू नका. तेव्हा खडा फोडत नाहीत, फक्त लघवीला वाट करून देतात, आणि त्यात तासांचा फरक पडतो. एकच किडनी असेल, गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर इथलं काहीही धरून न चालता डॉक्टरांना विचारा.

चुलत्यांच्या खड्याचा रिपोर्ट कॅल्शियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेट आला, सगळ्यात कडक जातींपैकी एक. तुकडे त्यांनी डबीत ठेवलेत, येईल त्याला दाखवतात. आणि सांगतात, हुलग्यानं मऊ पडला होता, म्हणून लेझरला फुटला.