पाळणा लांबवताना हिमोग्लोबिन कमी असेल तर काय निवडावे?

बाळ आठ महिन्यांचे आहे, अंगावर पाजणे चालू आहे, पाळी परत आली असून रक्तस्राव जास्त होतो, हिमोग्लोबिन 9 आहे आणि पुढचे मूल साधारण तीन वर्षांनी हवे आहे, असे आपण लिहिले आहे. यजमान गोळ्या सुचवतात, जाऊबाई तांबीचा आग्रह धरतात आणि तांबी पोटात वर चढेल अशी सासूबाईंना धास्ती आहे. माझ्या मते या सगळ्यात निर्णायक गोष्ट हिमोग्लोबिनची आहे.

तीन वर्षांच्या अंतरासाठी एरवी मी तांबीच सुचवली असती. 375 प्रकारची पाच वर्षे आणि 380 ए प्रकारची दहा वर्षे चालते, सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत बसवून मिळते, रोज काही लक्षात ठेवावे लागत नाही आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही, कारण बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा प्रकार क्वचित, साधारण हजारात एकदा, घडतो. मात्र नीट बसलेली तांबी आपोआप छातीपर्यंत वगैरे जात नाही. आपली खरी अडचण वेगळी आहे. तांबीमुळे पहिले तीन ते सहा महिने पाळीतला रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते, आणि आपल्याला नेमके तेच परवडणारे नाही. रक्तक्षयात तांबी पूर्णपणे वर्ज्य नसली, तरी आधी लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून काढावे आणि रक्तस्राव जास्त का होतो, हे तपासून घ्यावे.

तांब्याऐवजी संप्रेरक असलेले साधन गर्भाशयात बसवले, तर रक्तस्राव उलट कमी होतो. ते खासगीत काही हजारांना पडते, पण परवडत असेल तर आपल्याला सर्वांत जास्त मानवेल असे मला वाटते. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मोफत मिळते आणि अंगावर पाजतानाही चालते. त्याने पाळी अनियमित होते, पुढे बरेचदा थांबते, आणि पाळी थांबली की घरचे घाबरून पुढचे इंजेक्शन टाळतात. वास्तविक त्यात अपाय नसतो, आपले रक्तही वाचते. मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून ते वेळीच बंद करावे लागेल.

यजमानांची सूचनाही टाकाऊ नाही. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर ‘माला-एन’सारख्या गोळ्या घेता येतात आणि त्यांनी रक्तस्रावही कमी होतो, रक्तदाब जास्त असेल किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, तर मात्र त्या घेऊ नयेत. शिवाय तान्ह्या बाळाच्या रात्रीच्या जागरणात रोजची गोळी चुकते. प्रत्यक्ष वापरात वर्षभरात शंभरपैकी सुमारे सात जणींना गोळ्या घेत असूनही दिवस राहतात. इंजेक्शनवर चौघींना, तांबीवर एखादीलाच. (गोळी सुचवणाऱ्यांनी ती रोज आठवणीने हातात द्यावी, ही अट घालायला हरकत नाही.) ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची असते.

निर्णय होईपर्यंत निरोध वापरावा. तो फाटल्यास 72 तासांच्या आत तातडीची गोळी घ्यावी. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबीही अशा वेळी उपयोगी पडते.